गावातली मशीद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांचं प्रमाण साडेअकरा टक्के होतं, आणि त्यातले बहुतेक शहरांत राहतात. खेड्यात चित्र वेगळं असतं. एखाद्या गावात तीस घरं, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात मुलाण्याचं एकच घर. इतक्या थोड्या माणसांनी चालवलेली मशीद गावात नेमकं काय करते, हे शेजारच्या आळीलाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. बांग ऐकू येते, ईदेचा शिरखुर्मा घरी येतो, मधलं काही दिसत नाही. हे मधलंच सांगावं असं आम्हाला फार दिवसांपासून वाटत होतं. पुढची माहिती मुख्यतः सांगली, कोल्हापूर आणि सातारा या पट्ट्यातल्या गावांची आहे. कोकणातली रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं म्हटलं आहे.

मशीद, दर्गा, ईदगाह आणि पंजे बसतात ती जागा, हे सगळं एकच का?

नाही. मशीद म्हणजे जमातीने, म्हणजे एकत्र मिळून, नमाज पढायची जागा. दर्गा म्हणजे एखाद्या पीराची किंवा वलीची कबर. तिथे उरूस भरतो, संदल (चंदनाची मिरवणूक) निघतो, गलफ (कबरीवरची चादर) चढतो, नवस फेडले जातात. ईदगाह गावाबाहेरचं मोकळं मैदान असतं आणि त्याला पश्चिमेकडे एक भिंत असते. वर्षातून दोनदा ईदेची नमाज तिथे होते. मोहरमचे पंजे (हाताच्या आकाराची निशाणं) बसतात त्या खोलीलाही आमच्याकडे लोक मशीदच म्हणतात, मग तिथे रोजची नमाज होत असो वा नसो.

त्यामुळे मुसलमानाचं एकही घर नसलेल्या गावात मशीद असू शकते. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर म्हणून गाव आहे. तिथे मुसलमान कुटुंबं नाहीत, तरी मशीद आहे आणि मोहरम सगळं गाव करतं. सीमेच्या अलीकडेही असे पीर आणि पंजे सांभाळणारी पाटलांची, धनगरांची घरं आहेत.

घरं इतकी कमी, तर मशीद आली कुठून?

देशावर बहमनी आणि आदिलशाही काळापासून गावगाड्यात मुसलमानांचं काम ठरलेलं होतं. बलुतेदारांच्या काही याद्यांत मुलाणा येतो. मशिदीची आणि पीराची दिवाबत्ती त्याच्याकडे असे, कंदुरीचं, म्हणजे पीराच्या नवसाच्या जेवणाचं, बकरं हलाल करायचं ते त्यानेच, आणि त्याबद्दल त्याला बलुतं मिळे. दिवाबत्तीसाठी जमिनीचा तुकडा इनाम दिलेला असायचा. असे तुकडे आजही सात-बाऱ्यावर देवस्थान इनाम, वर्ग ३ म्हणून दिसतात, देवळांचे दिसतात तसेच. म्हणजे जुन्या गावात मशिदीचा खर्च गावाच्या हिशेबातच धरलेला होता. बाहेरून कुणी येऊन उभी केलेली ही वास्तू आहे असं बोललं जातं, तेव्हा हा सात-बारा कुणीतरी काढून दाखवावा.

कोकणात गोष्ट वेगळी. रायगड-रत्नागिरीच्या बंदरांवर अरबी व्यापाऱ्यांचा राबता जुना आहे. तिथले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे आहेत. देशावर हनफी जास्त. कोकणात गावाची संस्था ‘जमातुल मुस्लिमीन’ या नावाने चालते आणि तिथल्या मशिदी मोठ्या, देखण्या दिसतात, कारण मुंबईहून, आखातातून, काही घरांच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतूनही पैसा येत राहिला.

दिवसभर मशिदीत काय चालतं?

खरं सांगायचं तर बराच वेळ ती रिकामी असते. फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, चार-पाच म्हातारे येतात. जोहरच्या वेळी (दुपारी) लोक शेतात, कारखान्यावर किंवा एसटीत असतात. असरनंतर (दुपार कलल्यावर) पोरं अरबी शिकायला बसतात. मगरिबला (सूर्यास्तानंतर) माणसं वाढतात आणि इशाला (रात्री) पुन्हा तीच ठरलेली मंडळी. शुक्रवारी मात्र सफा (नमाजच्या रांगा) भरतात. बाजारात दुकान लावणारे, गवंडी, ड्रायव्हर, मुकादम असे सगळे दुपारी दीडच्या सुमाराला येतात. गावातल्या मुसलमान पुरुषांची आठवड्यातून एकदा होणारी हीच भेट. कोण आजारी आहे, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची मोटर जळाली, हे सगळं नमाजनंतर चपला घालताना कळतं.

रमजानचा महिना निराळाच. तरावीहला, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजला, रात्री उशिरापर्यंत मशीद जागी असते, आणि इफ्तारीसाठी घराघरातून ताटं येतात. मुसलमान नसलेल्या घरांतूनही केळी आणि खजूर येतात.

इमाम कोण असतो? तो गावचाच असतो का?

पूर्वी मुलाणीच सगळं करायचा. आता बहुतेक गावांत शिकलेला हाफिज (कुराण पाठ असलेला) किंवा मौलाना ठेवतात. तो बऱ्याचदा बिहार, उत्तर प्रदेश किंवा झारखंडातून आलेला, विशी-पंचविशीतला मुलगा असतो. मशिदीला लागून असलेल्या हुजऱ्यात (लहान खोलीत) राहतो. जेवण घराघराच्या बारीने येतं. आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. पाच वेळची नमाज, मुलांची शिकवणी, मयतीची नमाज, निकाह, फातिहा, आणि मुअज्जिन (बांग देणारा) वेगळा नसला तर बांग आणि झाडलोटसुद्धा त्याच्याकडेच.

पगार? इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. एवढ्या कामाचा जो पगार खेड्यात दिला जातो, तो द्यायला आम्हाला लाज वाटली पाहिजे. वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची दिलेली मिळकत) सांभाळणाऱ्या मंडळांनी इमामांना मानधन द्यावं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला, पण खेड्यातल्या इमामाचा पगार आजही जमातीच्या, म्हणजे गावातल्या मुसलमान समाजाच्या, वर्गणीतूनच निघतो आणि पीक बुडालं की दोन-दोन महिने थकतो. मशिदीला संगमरवर बसवायला माणसं पुढे येतात. इमामाला आजारपणात दवाखान्याचा खर्च द्यायचा म्हटलं की बैठक पुढच्या जुम्म्यावर (शुक्रवारवर) जाते. इमाम वर्ष-दीड वर्षात निघून जातो, आणि पोरांची शिकवणी पुन्हा अलिफ-बे-पासून सुरू होते.

भाषेचाही प्रश्न आहे. जुम्म्याचा खुतबा (नमाजचं ठरलेलं प्रवचन) अरबीत असतो, त्याआधीचं बयान (उपदेशाचं भाषण) उर्दूत. घरात दखनी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या पोरांना त्यातलं निम्मं कळत नाही. बयान मराठीत व्हावं असं आमचं ठाम मत आहे. संतकवी शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून चारशे वर्षांपूर्वी अध्यात्म मराठीत सांगितलं. आपल्याला आज जुम्म्याचं बयान जमायला हरकत नसावी. काही गावांत इमाम आता मराठी शिकून बोलू लागले आहेत, आणि तिथे लोक जास्त वेळ थांबतात.

मशिदीचा खर्च कोण भागवतं? परदेशातून पैसा येतो का?

देशावरच्या खेड्यात घरटी महिन्याची वर्गणी, जुम्म्याला फिरणारी झोळी आणि रमजानमधला चंदा, एवढंच उत्पन्न. एखादा गाळा किंवा इनामाची जमीन असली तर तिचा खंड येतो. त्यातून वीजबिल, चटया, पाण्याची मोटर, रंग आणि इमामाचा पगार भागवायचा.

‘जकात एवढी निघते, ती कुठे जाते?’ असं अनेकजण विचारतात. जकात म्हणजे ठराविक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर राहिली तर तिचा अडीच टक्के भाग. तो गरिबाच्या हातातच द्यावा लागतो. मशिदीच्या बांधकामाला किंवा इमामाच्या पगाराला जकात चालत नाही. फितऱ्याचंही तसंच: रमजान ईदेच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची. म्हणून एखाद्या गावात विधवांना, शिकणाऱ्या मुलांना बऱ्यापैकी मदत मिळते आणि त्याच वेळी मशिदीचं छत गळत असतं.

जकातीचा पैसा एकत्र आला तर काय होतं, याचं जवळचं उदाहरण इचलकरंजीचं. २०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीत मशिदी बंद असताना, तिथल्या समाजाने ३६ लाख रुपये जमवून सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा करून दिला. इचलकरंजी शहर आहे, खेड्याला ते आकडे झेपणार नाहीत. पण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं उपचाराला त्याच दवाखान्यात जातात.

मशिदीची मालकी कुणाची? वक्फच्या नव्या कायद्याने गावाला काय फरक पडतो?

वक्फ झालेली मिळकत कुणा माणसाच्या मालकीची राहत नाही. मुतवल्ली (व्यवस्थापक) किंवा ट्रस्टी फक्त सांभाळतात. विकायचा अधिकार त्यांना नाही. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

२०२५ च्या दुरुस्तीनंतर नोंदींची तपशीलवार माहिती ‘उम्मीद’ पोर्टलवर भरणं बंधनकारक झालं. ६ जून २०२५ ला पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांची मुदत होती. कायद्यातल्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने स्थगिती दिली, नोंदणीला दिली नाही. खेड्यात अडचण आली ती कागदांची. आजोबाच्या काळात इनाम मिळालं, फेरफार कुणी केला नाही, मशिदीचा चौथरा गावठाणात, कब्रस्तान गायरानाला लागून आणि मोजणी कधीच झालेली नाही. ज्या जमातीने जुने उतारे, सनद, घरपट्टीच्या पावत्या एका फाइलीत ठेवल्या होत्या, तिचं काम झालं. बाकीच्यांनी आता तरी तलाठी कार्यालयात खेटे घालावेत. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर असेल तर लेखापरीक्षणाची तरतूदही नव्या कायद्यात आहे. हिशेब दरवर्षी मशिदीच्या फळ्यावर लावला तर त्याची भीती वाटायचं कारण नाही.

कुणी वारलं तर मशीद काय करते?

मशिदीचं सगळ्यात मोठं काम आम्ही हेच समजतो. बातमी आली की आधी मशिदीतून पुकारा होतो. मयतीला गुस्ल (आंघोळ) द्यायला जाणती माणसं निघतात, बाईच्या मयतीला बायका. कफनाचं कापड काही गावांत मशिदीतच आणून ठेवलेलं असतं: पुरुषाला तीन वस्त्रं, बाईला पाच. जनाजा न्यायची डोली मशिदीची, फावडी-टिकाव मशिदीचे, आणि कबर खणायला जातात ती तरुण पोरं. त्यासाठी कुणी मजुरी मागत नाही. जनाजाची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात रुकू (कमरेत वाकणं) नाही की सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) नाही. गावातल्या काहींनी ती पढली तरी सगळ्यांची जबाबदारी उतरते. कुणीच पढली नाही तर पाप सगळ्या जमातीवर येतं.

खांदा द्यायला सगळं गाव असतं. वारकरी, तालमीतली पोरं, दूध संस्थेचे चेअरमन, सगळे कब्रस्तानापर्यंत येतात आणि तीन मुठी माती टाकतात. मयतीच्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून शेजाऱ्यांकडून भाकरी-आमटी येते, आणि ते शेजारी पुष्कळदा मुसलमान नसतात.

अडचण कब्रस्तानाची आहे. अनेक गावांत जागा अपुरी, रस्ता नाही, पावसाळ्यात ओढा ओलांडून जनाजा न्यावा लागतो. ग्रामसभेत मांडायचा हा विषय आहे आणि तो जमातीनेच मांडायला हवा. दहनभूमीच्या रस्त्याचा ठराव होतो त्याच सभेत कब्रस्तानाच्या रस्त्याचाही होऊ शकतो.

निकाह मशिदीत होतो का? नोंदणीचं काय?

मशिदीत होतो, मांडवातही होतो. वधूची संमती, वकील (वधूच्या वतीने बोलणारा), दोन गवाह (साक्षीदार), मेहर (वराने वधूला द्यायची रक्कम) ठरवणं, खुतबा, कबूल आणि मग खारका वाटणं. मशिदीत केला तर खर्च जवळजवळ नाही, म्हणून आम्ही तोच सुचवतो. नुसत्या निकाहनाम्यावर थांबू नका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावात ग्रामसेवकाकडे विवाहनोंदणी होते. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण आहे का, याचा पुरावा पाहिल्याशिवाय इमामाने निकाह लावू नये. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ओळखीच्या लोकांच्या भिडेपोटी अडकतो तो परगावचा गरीब इमाम.

मुलं तिथे काय शिकतात?

कायदा म्हणजे अरबी अक्षरओळख, मग कुराण वाचणं, नमाजच्या दुआ, स्वच्छता, मोठ्यांशी वागणं. रोज तास-दीड तास. ही मुलं सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, मशिदीतला वर्ग शाळेच्या जागी नसतो. दहावीच्या मुलांसाठी याच जागेत संध्याकाळी गणित आणि इंग्रजीचा वर्ग सुरू करावा. दिवा आहे, पंखा आहे, चटई आहे, शिकवायला गावातलेच बीएड झालेले तरुण आहेत. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था काढली, वसतिगृह दिलं, स्वतः अध्यक्ष झाले. त्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकलेली माणसं आमच्या आजोबांच्या पिढीत होती.

भोंग्याचं काय?

ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम सगळ्यांना सारखे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. ध्वनिक्षेपक हा धर्माचा आवश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. हे आम्हाला मान्य आहे. बांग भोंग्याशिवाय हजार वर्षं दिली गेली आहे. फजरची बांग बऱ्याच गावांत आता आतल्या आत किंवा मोबाईलवर होते.

एक गोष्ट मात्र बोलली जात नाही. हाच भोंगा पोलिओ डोसची तारीख सांगतो, हरवलेलं पोर सापडल्याचं सांगतो, नदीचं पाणी वाढलं की खालच्या आळीला उठवतो.

बायकांना मशिदीत का घेत नाहीत?

पैगंबरांच्या काळात बायका मशिदीत येत होत्या. याबद्दल कुणा आलिमाचा (धर्मपंडिताचा) वाद नाही. आमच्या खेड्यांत त्या येत नाहीत, याला जागेची कमतरता हे कारण सांगितलं जातं. खरं कारण सवय आहे. पुण्याच्या एका दाम्पत्याने २०१९ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० मध्ये लेखी सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजची मनाई नाही. मग एक पडदा, वेगळा दरवाजा आणि वुजूसाठी (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी) वेगळा नळ एवढ्यानं भागतं. नवीन बांधकाम करणाऱ्या जमातींनी नकाशातच ही जागा धरावी. वर्गणी देणाऱ्या घरांत कमावत्या बायका आहेत, इफ्तारीची ताटं त्याच करतात, आणि बैठकीत त्यांचं मत कुणी विचारत नाही. हे बदलायला हवं.

मोहरम, गणपती, आषाढी एकत्र आले की काय होतं?

चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे येतं, म्हणून साधारण तेहतीस वर्षांनी मोहरम आणि गणपती एकत्र पडतात. २०१८ ते २०२० अशी तिन्ही वर्षं तसं झालं. कुरुंदवाडमध्ये मशिदींतच गणपती बसतो, आणि त्या वर्षांत पंजे आणि गणपती एकाच छताखाली होते. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीतही मशिदीत गणपती बसवायची रीत चाळीसहून अधिक वर्षांची आहे. कडेगावचे उंच ताबूत तर सगळ्या जातींची माणसं मिळून बांधतात, तेही आधी कळस आणि मग पाया असे. मोहरमच्या दिवसांत चोंगे, मलिदा, सरबत, करबलची गाणी आणि कत्तलच्या रात्रीचा अलावा (पेटवलेला खड्डा) हे आमच्या भागात सगळ्या गावाचं असतं. नवस बोलून फकीर होणारी पोरं मराठ्यांची, लिंगायतांची असतात.

आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जून २०२३ ला एकाच दिवशी आल्या. ईदेची नमाज त्या सकाळीच झाली, पण कुर्बानी पुढे ढकलायचं अनेक गावांतल्या जमातींनी आपणहून ठरवलं. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते, त्यामुळे धर्माला काही बाध आला नाही. त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला आली, तेव्हा अनेक ठिकाणी जुलूस एक दिवस पुढे नेला. २०१९ च्या महापुरात बकरी ईद १२ ऑगस्टला होती. सांगली-कोल्हापूर पाण्यात असताना अनेकांनी कुर्बानीचा खर्च पूरग्रस्तांना दिला.

हे सगळं आता थोडं ओसरतंय हेही लपवून चालणार नाही. आपल्यातली सुधारकी विचाराची मंडळी ताबूत, पंजे, नवस हे इस्लामला धरून नाही म्हणतात. दुसरीकडे मशिदीत गणपती नको म्हणणारे बाहेरून येऊन तरुणांना भडकवतात. धर्मशास्त्र आम्ही आलिमांवर सोडतो. आमचं म्हणणं इतकंच की गावाने मिळून चालवलेली रीत बंद करायची तर तो निर्णय गावात बसून व्हावा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या व्हिडिओवरून होऊ नये.

जमात भांडणं सोडवते का? तिला किती अधिकार आहे?

नवरा-बायकोचा खटका, भावांची वाटणी, उसनवारी, हे आधी जमातीच्या चार माणसांपुढे येतं आणि पुष्कळदा तिथेच मिटतं. अधिकार मात्र समजुतीपुरताच. फतव्याला कायद्याची ताकद नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. एका दमात दिलेला तलाक २०१९ पासून गुन्हा आहे, आणि हा प्रश्न मराठीत सगळ्यात आधी मोठ्याने मांडणारे हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे होते. वर्गणी दिली नाही म्हणून, किंवा जमातीबाहेर लग्न केलं म्हणून, एखाद्या घराला वाळीत टाकणं हा महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मयतीला न जाणं, कब्रस्तानात जागा नाकारणं हेही त्यातच येतं. ट्रस्टींनी हा कायदा एकदा वाचून ठेवावा.

मी मुसलमान नाही. आत येऊन पाहू शकतो का?

या. नमाजची वेळ सोडून आलात तर निवांत बोलता येईल. नमाज पाहायची असेल तर मागे बसा. चपला बाहेर, डोक्याला रुमाल असला तर बरं, फोन बंद, आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. एक मिहराब (पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा), एक मिंबर (खुतब्यासाठीच्या पायऱ्या), भिंतीवर नमाजच्या वेळांचं घड्याळ आणि कपाटात कुराण. काही गावांत ‘मस्जिद परिचय’ नावाने मुद्दाम कार्यक्रम करून सगळ्या गावाला बोलावतात. तुमच्या गावात होत नसेल तर ट्रस्टींना सांगा. बोलावलं नाही म्हणून तुम्ही आला नाहीत, आणि कुणी येत नाही म्हणून त्यांनी बोलावलं नाही, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे.

मदत करायची असेल तर?

पैसे दिलेत तर पावती मागा. पैशापेक्षा गरजेच्या गोष्टी सांगतो: कब्रस्तानाच्या मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात सोबत येणारा माणूस, संध्याकाळच्या वर्गाला आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवणारा शिक्षक, इमामाला बँक खातं, आरोग्य कार्ड आणि मराठी लिहा-वाचायला मदत करणारा कुणी. पोर्टलवर कागद भरून देणारा संगणक चालवणारा तरुण मिळाला तर त्याची गरज आज सगळ्यात जास्त आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर ट्रस्टी मशिदीतच भेटतात.